बर्फ आपल्याच बाजूला

आमच्या घरी दसऱ्याला स्नोब्लोअरची पूजा व्हायची. हसू नका. बाबांचा स्टेथोस्कोप, आईचं शिलाई मशीन, माझा कॅल्क्युलेटर आणि शेडमधून ढकलत आणलेलं ते केशरी धूड, अशी सगळी मंडळी ओळीने मांडली जायची. झेंडू तिथे कुठला मिळायला? आई सुपरमार्केटातून शेवंतीच्या जातीची पिवळी फुलं आणून वेळ भागवायची. यंत्राच्या पुढच्या तोंडात बर्फ आत ओढणारी दातेरी पाती होती आणि डोक्यावर एक वाकडी नळी होती, तिच्यातून तो बर्फ लांब फेकला जायचा. आई त्या नळीला सोंड म्हणायची आणि कुंकू बरोबर सोंडेवरच लावायची. "वर्षभर शेडमध्ये उपाशी बसतं बिचारं," म्हणून पुढ्यात एक पेढाही ठेवायची. बाबा शास्त्राचे माणूस, तरी यावर कधी अवाक्षर बोलले नाहीत. पूजा झाली की तो पेढा मात्र तेच खायचे.

आम्ही यॉर्कशरमध्ये राहायचो. खाली कापडगिरण्यांचं जुनं गाव, वर उघडा माळ, त्याला तिकडे मूर म्हणतात, आणि या दोहोंच्या मध्ये डोंगराच्या कुशीत आमचं दगडी घर. बाबा खालच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. बाकीचे मराठी डॉक्टर शहाण्यासारखे सपाटीवर, शाळा आणि दुकानं बघून घरं घ्यायचे. आमच्या बाबांनी हे घर घेतलं ते खिडकीतून दरी दिसते म्हणून. "आपलं महाबळेश्वर आहे हे," ते पाहुण्यांना सांगायचे. "महाबळेश्वरला निदान चणे तरी मिळतात," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. वारा कायम माळाकडून यायचा, आमच्या बागेवरून घरावर आदळायचा आणि धुराड्यात शिरून म्हाताऱ्यासारखा कण्हत बसायचा. हॉलमध्ये गॅसची शेगडी फुरफुरायची, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, रेडिओवर बाई शांतपणे हवामान सांगायची आणि आई "हिला काय जातंय सांगायला" म्हणत कणीक तिंबायची.

गेटपासून दारापर्यंत चढाची लांबलचक ड्राइव्ह होती. तिच्या एका अंगाला आमची बाग, माळाकडची. दुसऱ्या अंगाला कमरेएवढी दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे मिस्टर सगडन. निवृत्त गृहस्थ, एकटे, गुलाबांचे वेडे, बोलायला महाकंजूष. आम्ही तिथे राहायला गेलो त्या शरद ऋतूत आमच्या झाडाची पानं वाऱ्याने त्यांच्या अंगणात गेली. एका सकाळी आमच्या गेटशी मोठी काळी पिशवी ठेवलेली. आत सगळी पानं, नीट दाबून भरलेली, तोंडाला सुतळीची गाठ. चिठ्ठी नाही, शब्द नाही. बाबांचा चेहरा असा पडला, जणू कुणीतरी चारचौघांत मुस्काटात मारली. त्या दिवसापासून दर रविवारी बाबा भिंतीवरून वाकून वाकून सगडनच्या बाजूची पानं लांब दांड्याच्या खराट्याने ओढून घ्यायचे. त्या पिशवीचा अर्थ नेमका काय होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचं होतं, राहून गेलं.

स्नोब्लोअर बाबांनी डोंगरावरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणला होता आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. तो दंडक मोडला ताईमुळे. माझी बहीण शुभदा, लग्न होऊन दक्षिणेत, सपाटीवरच्या ब्रॅकनेलला राहायची. नवरा, आमचे अविनाश भावोजी, तिथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत. घरापासून मॅटर्निटी हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं ना! भावोजी फोनवर चाचरत म्हणाले, "आई, तिकडे स्नो वगैरे असतो, इकडेच ठेवली तर..." आईने एकच प्रश्न केला, "लोक काय म्हणतील, तिला माहेर नाही का?" झालं. भर हिवाळ्यात, सपाटीवरची, हॉस्पिटलाशेजारची मुलगी आम्ही मूरच्या कडेला आणून बसवली. इंग्रजांना हे सांगितलं तर ते आपल्याला वेड्यात काढतील, आणि खरं सांगायचं तर काढावंच. पण ताई आली तेव्हा मला कोण आनंद झाला होता! घरभर खोबऱ्याचा आणि तुपात फुलणाऱ्या डिंकाचा वास. आई लाडू वळायची, ताई सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची आणि बाळंतिणीसाठी केलेले लाडू बाळंत व्हायच्या आधीच पळवायची. "अगं भवाने, ते नंतरचे आहेत," आई ओरडायची आणि आणखी एक हातावर ठेवायची.

"मी हॉस्पिटलात अडकलो तर घरात एकाला तरी हे यायला हवं," असं म्हणून बाबांनी मला मशीन शिकवायला काढलं. मी सतरा वर्षांची, ए-लेव्हलची, म्हणजे आपल्याकडच्या बारावीची, आणि मोठी शहाणी. दिवस स्वच्छ होता, झाडाचं पान हलत नव्हतं. बाबांनी एखाद्या पेशंटला भूल द्यावी तशा गंभीरपणे पायऱ्या सांगितल्या. आधी पेट्रोल, मग चोक, मग दोरी ओढायची, एका दमात, हिसका न देता. उजव्या मुठीखालची दांडी दाबली की पाती फिरतात, डावी दाबली की चाकं. बाजूचं हँडल फिरवलं की सोंड वळते. सोंडेत बर्फ अडकला तर इंजिन बंद करायचं आणि काठी घालायची, हात मरेपर्यंत घालायचा नाही. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," ते म्हणाले, "सोंड कायम आपल्या बागेकडे. काय वाटेल ते झालं तरी बर्फ सगडनच्या हद्दीत पडता कामा नये."

"पण बाबा, बागेकडूनच वारा आला तर?"

"तर काय? आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नाही टाकायचा, मंजू. आपण परक्या मुलखात राहतो." परक्या मुलखात येऊन आम्हाला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. मी सोंड बागेकडे केली आणि त्या निवांत हवेत बर्फाची पांढरी कमान अशी सुरेख उडाली की मला वाटलं, हात्तिच्या, यात शिकायचंय काय?

त्यानंतरच्या आठवड्यात बर्फ लागला आणि थांबायचं नाव घेईना. बाबा कामावर गेले ते तिकडेच राहिले. गावात रस्ते बंद, अर्धे डॉक्टर घरी अडकलेले. बर्फापेक्षा वारा वाईट होता. माळावरचा सगळा भुगा उचलून तो आमच्या ड्राइव्हमध्ये ओतत होता. सकाळी दार उघडलं तर समोर छातीएवढी पांढरी भिंत, आणि तिच्या माथ्यावरून धूर निघावा तसा बर्फ उडतोय. मी दार लावते न लावते तोच वरून ताईची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. आई जिना चढून गेली आणि लगेच वरूनच ओरडली, "मंजू, बाबांना फोन लाव! हिचं पाणी गेलं!"

इथे एक सांगायला हवं. ताईचं बाळ पायाळू होतं. म्हणजे डोकं वर आणि पाय खाली. सिझेरियनचा दिवस ठरलेला होता आणि आदल्या दिवशी तिला खाली नेऊन हॉस्पिटलात ठेवायचंही ठरलं होतं. फक्त बाळाला हे कुणी कळवलं नव्हतं.

बाबांचा फोनवरचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. सपाट, हळू, एकेक शब्द सुटा. "नीट ऐक. तिला उठवायचं नाही. बसवायचंसुद्धा नाही. आडवी ठेवा, कंबरेखाली उशा घाला. एक पाऊलही चालवायचं नाही. पाणी गेलंय, बाळ पायाळू आहे, अशात नाळ आधी खाली आली आणि दबली, तर बाळाचा श्वास..." मला धुराड्यातला वारा ऐकू येत होता. "कौन्सिलचा ट्रक रस्ता साफ करत वर येतोय. त्याच्या मागे अ‍ॅम्ब्युलन्स लावून देतोय. ते गेटपर्यंत येतील. गेटपासून दारापर्यंत वाट पाहिजे, मंजू. स्ट्रेचर जाईल एवढी. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. जमेल की नाही याची मला काडीची कल्पना नव्हती.

मी बाबांचा जुना ओव्हरकोट चढवला. काठी शोधायला लागले, तर काठ्या, फावडी, सगळं बर्फाखाली. आईने स्वयंपाकघरातून लाटणं आणून माझ्या खिशात कोंबलं. "हात घालशील तर याद राख," एवढंच म्हणाली आणि वर पळाली. दाराला लागूनच, घराच्या आडोशाला असलेल्या शेडमधून मशीन बाहेर काढलं. दसऱ्याचं कुंकू सोंडेवर अजून होतं, थोडं पुसट. चोक ओढला, दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. वाऱ्याने श्वास नाकातच अडकत होता. खांदा निखळतोय की काय असं वाटायला लागलं तेव्हा ते एकदाचं खोकलं आणि सुरू झालं. मी सोंड बागेकडे वळवली, शिकवल्याप्रमाणे, आणि दांड्या दाबल्या.

पाती भिंतीत घुसली, सोंडेतून बर्फ उंच उडाला आणि वाऱ्याने तो जसाच्या तसा माझ्या तोंडावर आणून मारला. डोळ्यांत, कानांत, कॉलरमधून पाठीवर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. सोंड थोडी खाली केली, थोडी वर केली, मान वळवून पुढे रेटत राहिले. मग मागे वळून पाहिलं. मी जेवढी वाट काढली होती तेवढी माझ्यामागे पुन्हा भरलेली होती. माझाच बर्फ, मीच उडवलेला, वारा मलाच परत करत होता आणि वर माळावरचा पदरचा घालत होता. मी दारापासून हाताच्या अंतरावर होते, आणि गेट कुठे आहे तेही दिसत नव्हतं. मला रडू आलं. रडण्यानेही पापण्या चिकटायला लागल्या, म्हणून तेही बंद केलं.

दुसरी बाजू मला दिसत नव्हती असं नाही. चांगली दिसत होती. सोंड भिंतीकडे वळवली तर वारा स्वतःच बर्फ उचलून घेऊन जाणार होता. लहान पोरालाही कळावं. पण भिंतीपलीकडे सगडनची गाडी होती, त्यांनी स्वतः फावड्याने साफ केलेली त्यांची वाट होती, गोणपाटात गुंडाळलेले गुलाब होते, आणि मला डोळ्यांसमोर ती काळी पिशवी आणि बाबांचा चेहरा दिसत होता. हँडलवर ठेवलेला हात हलेना. आपल्या लोकांचं हे असं असतं. घर जळत असलं तरी शेजाऱ्याला विचारूनच त्याच्या नळाचं पाणी घेऊ.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून ताईचा आवाज आला. शब्द नव्हते त्यात. मी हँडल फिरवलं. गरगर फिरवलं, सोंड थेट भिंतीकडे होईपर्यंत, आणि दोन्ही दांड्या दाबल्या.

बर्फ सुटला तो सुटलाच. वाऱ्याने तो वरच्या वर झेलला आणि भिंतीपलीकडे नेऊन ओतला. समोरची हवा एकदम मोकळी झाली. मी पुढे सरकले, वाट मागे तशीच राहिली. आई दारात आलेली मला दिसली. तिने आधी सोंड पाहिली, मग सगडनची गाडी पाहिली, तिचा हात तोंडावर गेला. "अगं मंजू! अगं त्यांच्या दारात—" आणि मग ती मध्येच थांबली, वर जिन्याकडे पाहिलं आणि सगळा डोंगर ऐकेल अशा आवाजात ओरडली, "टाक! टाक मेलं, काय व्हायचं ते होऊ दे!"

सगडन खिडकीत उभे होते. हातात कप. पडदा बाजूला केलेला. मी एकदा पाहिलं आणि पुन्हा त्या दिशेला मान वळवायची नाही असं ठरवलं. त्यांच्या गाडीची चाकं गेली, मग दारं, मग काचा. नुकती साफ केलेली वाट तर पहिल्याच झटक्यात गेली. मी खालमानेने रेटत राहिले. कानात इंजिनची घरघर, पायाखाली उतार, हातांना मुंग्या, आणि डोक्यात एकच, नाळ, नाळ, नाळ.

गेट जवळ आलं आणि खालून ट्रकचा पिवळा दिवा फिरताना दिसला. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत ट्रक पुढून निघून गेला आणि जाताना रस्त्यावरचा सगळा, मीठ टाकल्याने ओला नि जड झालेला बर्फ आमच्या गेटच्या तोंडाशी लोटून गेला. त्याची काय चूक, त्याचं ते कामच. त्या ढिगात मशीन घुसलं, गुरगुरलं आणि सोंड गच्च झाली. काही बाहेर येईना. ढिगापलीकडे अ‍ॅम्ब्युलन्स उभी राहिलेली मला दिसत होती. मी इंजिन बंद केलं. आणि कबूल करते, हात सोंडेपर्यंत गेला होता. बोटं आत घालून एकदा ओरबाडलं की झालं, असं वाटलं. खिशातलं लाटणं मांडीला टोचलं म्हणून वाचले. ते उपसलं आणि आईच्या त्या पोळ्या लाटून गुळगुळीत झालेल्या लाटण्याने सोंडेतला लगदा उकरून काढला. दोरी ओढली. नाही. ओढली. नाही. मी त्या यंत्राला मराठीत शिव्या घातल्या, इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तिसऱ्या खेपेला ते लागलं. पलीकडून अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं फावडी घेऊन ढिगाला भिडली, अलीकडून मी, आणि मध्ये आम्ही एकमेकांना भेटलो.

ताईला आडवी ठेवून, आईच्या दोन शाली आणि त्यांची लाल ब्लँकेटं गुंडाळून नेलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. जाताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मंजे, तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्यात." आई तिच्या मागे अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढली. हातात लाडवांचा डबा. वाटेत कुणी खाणार होतं देव जाणे. गाडी वळून गेली आणि मी, मशीन आणि वारा एवढे तिथे उरलो.

दुपार कशी गेली विचारू नका. मी फोनशेजारी जमिनीवर बसून राहिले, ओल्या कोटासकट. शेवटी तो वाजला. "मुलगी झाली," बाबा म्हणाले. "दोघी ठीक आहेत." सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरच्या आत काढलेला माणूस त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून होता, हे मला आईने नंतर सांगितलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "मंजू, बर्फ कुठे टाकलास?"

"सगडनच्या बाजूला."

"थोडा?"

"सगळा."

"बरं. मी आलो की बघतो."

ती मुलगी, सई, आता लंडनच्या हाउन्सलोला राहते. माझ्या पाठीत उसण भरली की मी बर्मिंगहॅमहून फोन करून तिला बोलावून घेते, कारण पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते. सिझेरियनचं मूल पायाळू धरायचं का, यावर आई अजूनही वाद घालते. उसण मात्र जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौन्सिलच्या ट्रकने बाबांना गेटशी सोडलं. दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगावर हॉस्पिटलातलाच शर्ट आणि वर कुणाचा तरी कोट. मी दार उघडून उभी राहिले. ते घरात आलेच नाहीत. सगडनच्या ड्राइव्हकडे पाहिलं, तिथे गाडीचं फक्त छत दिसत होतं, आणि शेडकडे गेले. मशीन सुरू केलं, गेटातून वळसा घालून पलीकडे नेलं, आणि सगडनची वाट मोकळी करायला लागले. आणि सोंड कुठे? आमच्या बाजूला! वारा कालच्यासारखाच, माळाकडून. उडवलेला बर्फ भिंतीपर्यंतही पोचत नव्हता, उलटा फिरून बाबांच्याच अंगावर येत होता. "बाबा, उलटं टाकताय!" मी भिंतीशी जाऊन ओरडले. "दुसरीकडे वळवा!" त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते, चष्म्याच्या काचा भरल्या होत्या, आणि तो माणूस आपला रेटतोय, रेटतोय.

सगडनचं दार उघडलं. टोपी, मोठे बूट. ते सावकाश चालत आले आणि बाबांच्या शेजारी उभे राहिले. बाबांनी मान वर केली आणि वाऱ्यात ओरडून काहीतरी सॉरी, व्हेरी सॉरी म्हणायला लागले. सगडननी ते ऐकूनच घेतलं नाही. त्यांनी हँडलला हात घातला आणि सोंड फिरवली. आमच्यापासून दूर, पार दुसऱ्या टोकापर्यंत, स्वतःच्या गुलाबांवर. मग वाकून बाबांच्या कानाशी काहीतरी विचारलं. बाबांना ऐकू आलं नाही. त्यांनी इंजिन बंद केलं.

"लॅड ऑर लास?" सगडननी पुन्हा विचारलं. मुलगा का मुलगी.

बाबांचं इंग्रजी कायम पुस्तकातलं, कडक इस्त्रीचं. गावचे लोक बोलायचे तसलं काही त्यांनी आयुष्यात तोंडातून काढलं नव्हतं.

"लास," बाबा म्हणाले. "अ लास." आणि त्या परक्या माणसासमोर, भरदिवसा, ते ढसाढसा रडायला लागले.

सगडन गुलाबांकडे बघत तसेच थांबले, बाबांचं रडणं संपेपर्यंत. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, बाबांना वाटलं डोळे पुसायला, पण त्यांनी बाबांचा चष्मा काढून घेतला, पुसला आणि परत नाकावर बसवला. बाबांनी दोरी ओढली. बर्फ उडाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो जिथे जायला हवा तिथे गेला.